सव्वा इंच

माझा कोणावरही विश्वास नाही, असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. ती हे इतक्या हौसेने का सांगते, याचाही मला संशय येतो. पण एकतीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाने विश्वास ठेवायचा तरी कोणावर? पोट आत ओढून माप देणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत, आणि महिन्याभराने "मास्तर, कंबर घट्ट झाली हो" म्हणत तीच पोटं परत आलेली पाहिली आहेत. तीन कापडवाले मी बदलले. तिघांचाही तागा माझ्या टेपवर कधी पुरा भरला नाही, आणि तिघांनीही गळ्याला हात लावून सांगितलं की माप चोख आहे. चौथ्याशी सध्या माझी बोलचाल बंद आहे.

आमचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. खिडकीपाशी माझं कटिंगचं टेबल, भिंतीला लागून मुलाची शिलाई मशीन, मागच्या कोपऱ्यात बायको काज-बटणाला आणि दारापाशी काउंटरवर सूनबाई. घर वरच्या मजल्यावर. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं ती सगळी माणसं एका जिन्याच्या अंतरात, एवढी सोय मला आयुष्याने करून दिली आहे.

सूनबाई लग्नाआधी तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे कापड म्हणे संगणक कापतो. आठ महिन्यांपूर्वी तिने दुकानात एक टॅब आणला, स्टँडवर उभा केला आणि समोर फरशीवर पावलांचे दोन कागदी ठसे चिकटवले.

"बाबा, गिऱ्हाइकाने इथे उभं राहायचं. एक फोटो समोरून, एक बाजूने. अर्ध्या मिनिटात अठरा मापं," ती म्हणाली.

"आणि त्याने पोट आत ओढलं तर?"

"तुमच्या टेपपुढेही ओढतातच की."

उत्तर तयार ठेवूनच आली होती. मुलगा मशीनवरून म्हणाला, "बाबा, तुमची कंबर दुखते. वाकणं तरी वाचेल." माझ्या कंबरेची सगळ्यांना अचानक काळजी वाटायला लागली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी मापं घ्यायचं काम काढून घ्यायचं, मग हळूच कात्री. मग म्हाताऱ्याने दाराशी बसून पेपर वाचायचा.

तरी मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर भ्यालो असं दिसलं असतं. ठरलं असं की सूनबाईने टॅबवर माप घ्यायचं, चिठ्ठीवर लिहून मला द्यायचं आणि मी माझ्या टेपने आखून कापायचं. ती टेप गळ्यात घालून मी दुकान उघडतो आणि गळ्यात घालूनच वर जेवायला जातो. कापडी आहे, टोकांना पितळी पट्ट्या आहेत, आणि धंद्यात पडलो त्या दिवसापासून तीच आहे. तिला कोणी हात लावलेला मला खपत नाही. आंघोळीला जातानाच काय ती खुंटीवर टांगतो.

टॅबच्या मापाने कापलेले पहिले तीन शर्ट ढगळ झाले. मी तिसरा शर्ट हँगरला लावून आठवडाभर काउंटरसमोर टांगून ठेवला, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मग चौथ्या शर्टापासून एकाएकी सगळं बरोबर बसायला लागलं. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर, कुठे एक सुरकुती नाही. मी मनाशी म्हटलं, यंत्र चुकतंय, पण माझा हात ते सांभाळून घेतोय. तसं मी दोन-चार गिऱ्हाइकांना सांगितलंही.

पण घरात कुजबुज वाढली होती. मी जिना चढायला लागलो की वरचं बोलणं थांबायचं. एकदा मुलगा आणि सूनबाई वहीत डोकं घालून बसले होते. मी आत आलो तशी वही मिटली. बायको माझ्याकडे पाहून उगाच हसली आणि चहा हवा का म्हणून विचारलं. माझ्या घरात न मागता चहा मिळतो तेव्हा काहीतरी शिजत असतं.

आणि एक दिवस मला धागा सापडला. सूनबाई फोनवर बोलायला बाहेर गेली होती. टॅबवर एका गिऱ्हाइकाची मापं उघडीच होती आणि त्याचीच चिठ्ठी माझ्या हातात होती. टॅब म्हणत होता छाती चाळीस. चिठ्ठीवर होतं सव्वाएकोणचाळीस. टॅबवर बाही चोवीस, चिठ्ठीवर साडेतेवीस. कॉलर सोळा, चिठ्ठीवर पावणेसोळा. मी तीनदा वाचलं. प्रत्येक आकडा कमी केला होता, आणि जितकं माप मोठं तितकी चोरी मोठी.

मी गप्प बसलो. चोर पकडायचा तर आरडाओरडा करून चालत नाही. पुढच्या महिन्याभरात सात चिठ्ठ्या जमवल्या, प्रत्येकीच्या मागे टॅबचे खरे आकडे बारीक अक्षरात लिहिले आणि त्या टेबलाच्या खणात शाईच्या डबीखाली ठेवल्या. सातही चिठ्ठ्यांत तीच गत. कपडे तर बरोबर बसत होते, हे मला खटकायचं. पण त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं: ती मापं चोरतेय आणि माझा अनुभवी हात न सांगता भर घालतोय. ज्या दिवशी हात कमी पडेल त्या दिवशी कपडा घट्ट होईल, ती म्हणेल बाबांचं वय झालं, आणि कात्री तिच्या हातात जाईल. बेत उत्तम होता. मला मनातून तिचं कौतुकही वाटलं.

मग वकीलसाहेबांचा कोट आला. सव्वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली होती आणि सोमवारी शपथ होती. या कोटात मी तिची लुडबूड होऊ देणार नव्हतो. ती जेवायला वर गेल्यावर मी टॅबवरून सगळी मापं स्वतः उतरवून घेतली. छाती बेचाळीस, बाही पंचवीस. तिची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि यंत्राच्या खऱ्या आकड्यांनी, माझ्या टेपने, मन लावून कोट कापला.

शनिवारी दुपारी वकीलसाहेब ट्रायलला आले. कोट चढवला आणि आरशापुढे उभे राहिले. बाह्या मनगटाखाली उतरल्या होत्या. छातीवर कापड लोंबत होतं, खांदे बाहेर पडले होते. साहेबांनी हात वर केला तर कोट त्यांच्याआधी वर गेला.

"मास्तर, हा माझा आहे की माझ्या थोरल्या भावाचा?" ते म्हणाले.

सव्वीस वर्षांत या माणसाला मी दुसरी ट्रायल द्यायला लावली नव्हती. मी खण उघडला आणि सात चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या.

"साहेब, तुम्हीच बघा. ही चिठ्ठी, हा तिच्या हातचा आकडा. मागे हा टॅबमधला. एकाच माणसाच्या छातीची दोन मापं. यातलं एक तरी खोटं ना?"

साहेबांनी चष्मा लावून चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. "खोटं तर आहेच," ते म्हणाले.

"चिठ्ठीत खोटं लिहिते. आणि मी कधीतरी टॅब बघेन हे ओळखून तिथेही वाढवून ठेवलं. दोन्ही बाजूंनी मला गाठलं." मी मुलाकडे वळलो. "या टेबलापाशी आता एक तर ती राहील, नाही तर मी."

"बाबा, थांबा, ते तसं नाहीये..." मुलगा उठला. सूनबाईने त्याच्याकडे पाहून मान हलवली. तो तसाच उभा राहिला.

"सूनबाई, काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तिने टॅब स्टँडवरून काढला, पिशवीत घातला आणि फरशीवरचे कागदी ठसे नखाने खरवडून काढले. "कारखान्यातून दोनदा बोलावणं आलंय. उद्या जाऊन येते. तुमच्या टेबलाला त्रास नको, बाबा."

ती वर निघून गेली. साहेब म्हणाले, "पुरावा पक्का होता, मास्तर. वाईट वाटून घेऊ नका." कोट रविवारी संध्याकाळी हवा होता. मी टेप काढली आणि त्यांचं माप पुन्हा घेतलं, जुन्या पद्धतीने. छाती सव्वाएक्केचाळीस. बाही साडेचोवीस.

ते गेल्यावर मी तिची बाजूला टाकलेली चिठ्ठी काढली. छाती सव्वाएक्केचाळीस. बाही साडेचोवीस. पावाचाही फरक नव्हता. म्हणजे ती चोरी करत नव्हती, ती बरोबर लिहीत होती. खोटं बोलत होता तो टॅब. एवढ्यावर मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. माझ्या टेपला हात न लावता माझ्या टेपचा आकडा तिला कळतो कसा, हा प्रश्न जेवताना घासाबरोबर अडकून बसला.

रविवारी सकाळी ती कारखान्यात गेली. मुलगा कोटाची शिवण उसवत होता. मी काउंटरमागे गेलो आणि तिचा खण उघडला. हो, दुसऱ्याचा खण उघडला. आत एक नवी टेप होती, गुंडाळून रबर लावलेली, आणि ती वही. पहिल्याच पानावर दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'खरं', दुसऱ्यावर 'बाबा'. चाळीस – सव्वाएकोणचाळीस. बेचाळीस – सव्वाएक्केचाळीस. चोवीस – साडेतेवीस. पानभर आकडे, सोळापासून साठापर्यंत. अर्धे तिच्या अक्षरात, अर्धे माझ्या मुलाच्या.

मी नवी टेप उलगडली, तिच्याशेजारी माझी ठेवली, सुरुवातीची टोकं जुळवली. माझी टेप सव्वा इंच पुढे गेली. पहिलं मनात आलं ते हेच, की हल्ली टेपासुद्धा आखूड काढायला लागलेत. मी दोन्ही घेऊन शेजारच्या सुताराकडे गेलो. त्याच्याकडे पोलादी टेप असते.

"साठ इंच दाखव," मी म्हटलं.

त्याने दाखवले. नवी टेप त्यावर बरोबर बसली. सुताराने माझी टेप चिमटीत धरून पाहिली. "मास्तर, ही पार ताणली गेलीये. किती वर्षं ओढताय हिला?"

मी परत आलो. दुकानाच्या पायरीवर बसलो आणि हिशोब मनातल्या मनात लागत गेला. अंगाचं माप याच टेपने घ्यायचो आणि कापडही याच टेपने आखायचो, म्हणून एवढी वर्षं चूक चुकीत जिरून जायची आणि कपडा नेमका बसायचा. टॅब खरा आकडा द्यायला लागला आणि मी तो माझ्या लांबलेल्या इंचांनी कापला, म्हणून पहिले तीन शर्ट ढगळ. चौथ्यापासून ती खऱ्या आकड्याचा माझा आकडा करून देत होती, मला न सांगता. मी ज्याला माझा हात म्हणत होतो तो तिचा होता. त्या तीन कापडवाल्यांची तोंडंही एकेक करून डोळ्यांसमोरून गेली. मला खूप लाज वाटली.

मी आत जाऊन बायकोपुढे वही ठेवली. "तुला माहीत होतं?"

तिने दाताने दोरा तोडला. "तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा खुंटीवरची टेप मीच तिला काढून दिली."

"म्हणजे घरात माझ्यापासून काहीतरी लपवतायत हा माझा संशय खराच होता."

"खराच होता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं ठरलं होतं. कोणी सांगायचं यावर दोन दिवस गेले. मी म्हटलं मुलाने सांगावं, तो म्हणाला आई तू सांग. शेवटी सूनबाई म्हणाली, राहू द्या, मी आकडेच बदलून देते."

"एका टेपची गोष्ट सांगायला एवढं?"

"टेपची नाही," बायको म्हणाली. "तुम्हाला सांगायची. भीती वाटते तुमची. तुम्ही टेप बघितली नसती, आधी आमची तोंडं बघितली असती, कोण कोणाला सामील आहे ते."

मी टॅबवरून उतरवलेले आकडेच नव्या टेपने आखले आणि त्याने कोट शिवायला घेतला.

सूनबाई दुपारी आली. दाराशीच मी तिला गाठलं. मी म्हटलं, "माझी टेप ताणलेली आहे. तू बरोबर होतीस. चूक माझी. तू जाऊ नकोस."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनवरच्या कोटाकडे, मग परत माझ्याकडे. तिची ती नजर मी ओळखली. आरशात रोज बघतो ती मी.

"कोट अडलाय म्हणून म्हणताय का, बाबा?"

"नाही गं. कोट होतोय."

"मग आईंनी म्हणायला लावलं?"

"कोणी नाही लावलं. मी स्वतः सुताराकडे जाऊन आलो."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये एक तसूभरही विश्वास नव्हता. "उद्यापासून ये म्हणालेत. नऊला हजर व्हायचंय." ती काउंटरमागे जाऊन तिच्या वस्तू आवरायला लागली. एकतीस वर्षं मी ज्या नजरेने लोकांकडे पाहत आलो ती नजर अंगावर घेणं इतकं जड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

साडेपाचला वकीलसाहेब आले. कोट चढवला, वळून पाहिलं, हात वर करून पाहिला. कोट जागचा हलला नाही. "वा! हे झालं मास्तरांचं काम," ते म्हणाले. "बघितलंत? माणसाचा हात तो माणसाचा हात. ते यंत्र गेलं ते बरं झालं."

"साहेब, काल मी जे बोललो ते खोटं होतं," मी म्हटलं. "सूनबाईचे आकडे बरोबर होते. टॅबही बरोबर होता. चूक माझ्या टेपची, आणि टेपपेक्षा माझी."

साहेब हसले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मोठं मन आहे तुमचं. घरचं माणूस आहे, सांभाळून घेणारच तुम्ही. पण मी त्या चिठ्ठ्या डोळ्यांनी पाहिल्यात."

काउंटरमागचा आवाज थांबला होता. काल मी खोटं बोललो ते या माणसाने अर्ध्या मिनिटात मानलं होतं. आज खरं सांगत होतो आणि ते माझं मोठं मन झालं होतं. उद्या हा माणूस खुर्चीवर बसणार, आणि आमच्या घरच्या लबाड सुनेची गोष्ट चार ठिकाणी सांगणार. ती ऐकत होती. ती काहीच म्हणणार नव्हती, कालही म्हणाली नव्हती.

"जरा थांबा, साहेब. कोट काढू नका," मी म्हटलं. मी गळ्यातली टेप काढली. गिऱ्हाइकासमोर ती मी कधी दुसऱ्या टेपशी ताडून पाहू दिली नव्हती. ती टेबलावर पसरली आणि तिच्याशेजारी नवी टेप पसरली. "माझी टेप खोटी आहे. डोळ्यांनी बघायचंय ना, मग हेही बघा."

पण माझे हात ऐकत नव्हते. एक टोक जुळवलं की दुसरं सरकायचं. नवी टेप सरळ केली की जुनी मुरडायची. साहेब चष्मा पुसत उभे होते. मुलगा मशीनवरून उठायला लागला आणि त्याच्या आईने त्याला हाताने बसवलं. मी जुनी टेप पुन्हा ताणली, पितळी पट्टी बोटातून निसटली.

मग टेबलाच्या पलीकडून दोन बोटं आली आणि त्यांनी दोन्ही टेपांची टोकं एकावर एक दाबून धरली. सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती, टेपांकडे बघत होती.

"ओढू नका, बाबा," ती म्हणाली. "ओढलं की आणखी वाढतं."